कव्हर काढा, धडा उघडा!

मुलांनो, परभणी जिल्ह्यात तुमची शाळा सेलूची असो की जिंतूरची, कव्हरखाली झाकलेला संगणक शिकवणार कसा? ते कव्हर काढतात सर आणि बाई!

१९८४ साली 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या काही माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक येऊ लागले. २००१ मध्ये महाराष्ट्रात एमएस-सीआयटी आली. पुष्कळ शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाले. पण टायपिंग आलं म्हणजे शिकवणं आलं, असं नाही हं!

जिओजेब्रात त्रिकोणाचा एक शिरोबिंदू माऊसने ओढा. आकार बदलतो, तरी कोनांची बेरीज १८० अंशच! फळ्यावर यासाठी कितीतरी आकृत्या काढाव्या लागतील. असा धडा आखणं हे खरं कौशल्य, आणि त्याला सराव लागतो.

पालकहो, 'शाळेत संगणक किती?' एवढ्यावर थांबू नका. 'शिक्षकांना सरावाला वेळ किती?' हेही विचारा.