पाच दिवसांत आखलेली गाडी

जुन्या अमेरिकन गाड्या म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? लांबरुंद बॉनेट, मागे पंख काढलेली डिकी, चमचमणारं क्रोम. तशा गाड्या आपल्याकडेही होत्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायसलरच्या डॉज आणि प्लिमथ जोडायला घेतल्या, आणि मुंबईतले शेठलोक त्यातून फिरले. पण मराठवाड्याच्या काळ्या मातीत चाकं उमटली ती दुसऱ्याच अमेरिकन गाडीची. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचा माणूस चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जीपच्या मागच्या फळीवर, गुडघ्याला गुडघा लावून गेला असेल, तर तो अमेरिकन क्लासिकमध्येच बसून आलाय! त्याला तसं कुणी सांगितलं नाही, एवढंच.

या गाडीचा जन्म कसा झाला ते ऐका. १९४० चा जुलै. फ्रान्स नुकताच पडला होता. अमेरिकेच्या लष्कराला टेहळणीसाठी घोड्याच्या आणि मोटारसायकलच्या जागी एक छोटी, हलकी, चारही चाकांत जोर असलेली गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना पत्रं गेली. त्यातली एक अट तर जीवघेणी: पहिला नमुना ४९ दिवसांत दारात उभा पाहिजे. एवढ्या कंपन्यांपैकी उत्साहानं पुढं आल्या फक्त दोन. त्यातली बँटम ही पेनसिल्व्हेनियातली बुडायला आलेली कंपनी, जिच्याकडे गाडी आखायला माणूससुद्धा शिल्लक नव्हता. त्यांनी डेट्रॉइटहून कार्ल प्रोब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावलं. त्यानं पाच दिवसांत सगळे नकाशे आणि खर्चाचा अंदाज तयार केला. पाच दिवस! आज एखाद्या नव्या मोटारीला कागदावरून रस्त्यावर यायला तीन-चार वर्षं लागतात. २३ सप्टेंबरला संध्याकाळी पाचची मुदत होती. नमुना लष्कराच्या तळावर पोचला तो साडेचारला.

पुढं लष्करानं ते नकाशे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनाही दाखवले, कारण बँटमच्या छोट्या कारखान्यानं युद्धाची भूक भागणार नव्हती. विलीजचं इंजिन दणकट, साठ अश्वशक्तीचं. पण त्यांची गाडी वजनात बसेना. मर्यादा साधारण ९८० किलोंची. मुख्य अभियंता बार्नी रूस यानं मग गाडी पार सुटी केली आणि एकेक भाग तोलायला घेतला. बोल्टचं टोक नटच्या बाहेर जास्त डोकावतंय? काप तेवढं. पत्रा पातळ चालेल? घे पातळ. रंगाच्या थराचं वजनसुद्धा हिशेबात धरलं, असं सांगतात. मला या गाडीच्या देखणेपणाचं मूळ तिथंच दिसतं. तिच्यात दाखवण्यासाठी म्हणून काही नाही. मडगार्ड सपाट, कारण सपाट पत्रा झटकन वाकवता येतो. काच बॉनेटवर आडवी पडते, कारण गाडी बुटकी झाली तर शत्रूला दिसत नाही. आणि हेडलाइट? ते बिजागरीवर होते. उलटे फिरवले की उजेड थेट इंजिनवर! रात्री वाटेत बिघाड झाला तर टॉर्च शोधायला नको. ज्या कुणाला हे सुचलं, त्यानं अंधारात पाना हातात धरून नक्कीच शिव्या घातल्या असणार.

युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या.

आता खरी जादू, चाकांची. साध्या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना जातो. पण वळताना एक अडचण येते. लेझमाची रांग चौकात वळते तेव्हा आतला गडी जागच्या जागी पाय हलवतो आणि बाहेरच्याला ढांगा टाकाव्या लागतात, चाकांचंही तसंच. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल नावाचा दात्यांचा संच बसवतात, जो दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो. सुंदर युक्ती. पण तिच्यात एक मेख आहे: ज्या चाकाला अडवणारं काही नसतं, तेच चाक सगळं फिरणं घेऊन बसतं. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी फसते तेव्हा हेच होतं. एक चाक चिखलात गरगर फिरतंय, दुसरं घट्ट जमिनीवर असूनही ढिम्म!

जीपच्या ड्रायव्हरजवळ गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असायच्या. एक ओढली की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांकडेही जातो. मागचं चाक रुतलं तर पुढचं ओढतं. दुसरी ओढली की चाकांचा वेग उतरतो आणि जोर वाढतो. शेतीसाठी काढलेल्या जीपमध्ये तो जवळपास अडीचपट होई. इंजिन घुमतंय, गाडी मात्र माणसाच्या चालीनं चढतेय. ना पडदा, ना बटण. दांडी सरकली की दात्यात दाता बसल्याचा हिसका थेट तळहाताला कळतो. (रस्त्यावर धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी-जीप बहुतेक दोन चाकी जोराच्याच होत्या, हेही सांगायला हवं. त्यांचा पराक्रम वेगळा, तो माणसं भरण्याचा.)

युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये विलीजनं नागरी जीप काढली, ती शेतकऱ्याला डोळ्यांपुढं ठेवून. नांगर ओढा, मागच्या फिरत्या दांड्यावर पट्टा लावून मळणीयंत्र चालवा. आणि बरोबर त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी उभी राहिली. त्यातले गुलाम मोहम्मद पुढं पाकिस्तानात गेले आणि तिथले गव्हर्नर जनरल झाले; इथं उरली महिंद्रा अँड महिंद्रा. १९४९ च्या सुमारास मुंबईत माझगावला पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून विलीज जीप बाहेर पडू लागल्या. उंच बॉनेटचं मॉडेल अमेरिकेत १९५३ ला आलं आणि १९६८ ला बंद झालं. आपल्याकडे मात्र त्याचा वंश त्यानंतर चाळीसेक वर्षं रस्त्यावर उतरत राहिला!

अमेरिकन शरीरात इथं डिझेलचं काळीज बसलं, आणि हा टप्पा मला सगळ्यांत भारी वाटतो. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लगच नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण विसाव्या हिश्श्यात दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. जुन्या इंजिनात तो फवाराही पंपच मारतो, विजेशिवाय. म्हणजे एकदा सुरू झाल्यावर या इंजिनाला बॅटरी जवळजवळ लागतच नाही. म्हणूनच बॅटरी उतरली तरी उतारावर चार जणांनी धक्का दिला, ड्रायव्हरनं क्लच सोडला, की धाड्‌धाड् करत जीप निघाली.

आणि आजची गाडी? पुणे जिल्ह्यात रांजणगावला २०१७ पासून जीप कंपास बनते. तिच्यात वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. कुठल्या चाकाला पकड नाही हे सेन्सर ओळखतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत फक्त त्या चाकाचा ब्रेक दाबतात, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. डिफरेन्शियलची जुनी मेख अशी सुटली, आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही! अपघातात पुढचा भाग मुद्दाम चुरगळतो, धक्का स्वतः पितो. जुन्या जीपचं पोलाद चुरगळायचं नाही, म्हणून धक्का थेट माणसाच्या छातीत जायचा. लेकराबाळांना घेऊन हायवेनं संभाजीनगरला जायचं असेल तर मी डोळे झाकून नवी गाडी घेईन.

पण बॉनेट उघडून बघा. नव्या गाडीत काळं प्लॅस्टिकचं झाकण. दिवा लागला की मिस्त्री आधी यंत्र जोडतो, मग गाडी त्याला आपला आजार आकड्यांत सांगते. जुन्या जीपचं बॉनेट उघडलं की दहा वर्षांच्या पोरालाही पंखा, पट्टा, पंप, नळ्या दिसतात. कशानं काय फिरतं हे बोटानं दाखवता येतं. पाटे तुटले? बदला. नळी फुटली? कापा, जोडा. जी गाडी बघताबघता समजते, तिच्यावर जीव जडतो. बार्नी रूसनं तिला सुटी करून तोलली होती. खेड्यापाड्यांतल्या मिस्त्र्यांनी तिला कितीदा सुटी करून पुन्हा जोडली, त्याला गणतीच नाही.

गोष्टीचा शेवटचा वळसा तर अफाट आहे. २०१८ मध्ये महिंद्रानं रॉक्सर नावाची गाडी अमेरिकेत विकायला काढली. पोलादी अंग, डिझेल इंजिन, शेतावर आणि रानात चालवायची, चेहरामोहरा थेट जुन्या विलीजचा. ती जोडली जायची मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्स गावात. त्याच गावात होतं तेव्हा जीप या नावाची मालकी असलेल्या फियाट क्रायसलरचं अमेरिकेतलं मुख्यालय! त्यांनी तक्रार केली: हा चेहरा आमचा आहे. २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि महिंद्राला रॉक्सरच्या तोंडावळ्याची ठेवण बदलावी लागली. रांजणगावात त्या वेळी अमेरिकन नावाची जीप मराठी हातांनी तयार होत होती.