गाण्यातून गळलेले कडवे

लोकगीत असो की जलशातले पद, गाणाऱ्यागणिक त्यात फरक पडतो. कुणी एखादी ओळ घालतो, कुणी गाळतो. परंतु काय ठेवले आणि काय गाळले, यावरून गाणारा आणि ऐकणारा समाज कोठे उभा आहे हे कळते. वर्णसलोख्याचे गाणे म्हणून जगभर गाजलेल्या 'ब्लॅक अँड व्हाइट' या अमेरिकन गाण्याचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. १९७२ साली हे गाणे अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. तेव्हा त्याचे मूळचे पहिले कडवे त्यात नव्हते. आणि ज्या घटनेतून हे गाणे जन्मले, तिचा उल्लेख नेमका त्याच कडव्यात होता.

ती घटना समजून घेतली पाहिजे. १८९६ साली 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सोयी समान असतील तर काळ्यांना आणि गोऱ्यांना वेगळे ठेवल्याने राज्यघटनेचा भंग होत नाही. खटला आगगाडीच्या डब्यापुरता होता. पण 'वेगळे पण समान' या सूत्राचा आधार घेऊन दक्षिणेकडील राज्यांनी शाळा, उपाहारगृहे, पाण्याचे नळ सारेच विभागले. त्यातले 'वेगळे' कसोशीने पाळले गेले, 'समान' कुणी पाहिले नाही. अठ्ठावन्न वर्षांनी, १७ मे १९५४ रोजी, 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्यात त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने जाहीर केले की, सरकारी शाळांतील वेगळेपण हीच विषमता आहे. सरन्यायाधीश होते अर्ल वॉरन. काळ्या पालकांची बाजू मांडणाऱ्या वकिलांचे नेतृत्व थर्गुड मार्शल यांनी केले. केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने काळ्या मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून केलेले प्रयोगही न्यायालयापुढे आले. गोरी बाहुली चांगली आणि काळी वाईट, असे सांगणारी मुले त्यांत बहुसंख्य होती. वेगळी शाळा मुलाच्या मनात हीनत्वाची भावना रुजवते, हे न्यायालयाने मान्य केले.

या निकालावर डेव्हिड आर्किन यांनी गीत लिहिले आणि अर्ल रॉबिन्सन यांनी त्याला चाल दिली. दोघेही डाव्या विचारांचे होते आणि दोघांनीही त्याची किंमत मोजली. राजकीय मतांविषयीच्या प्रश्नांना उत्तर देण्यास नकार दिल्यामुळे आर्किन यांची शिक्षकाची नोकरी गेली. हुतात्मा कामगार गायक जो हिल याच्यावरील गाण्याला १९३६ साली चाल देणारे रॉबिन्सन मॅकार्थी काळात काळ्या यादीत गेले. त्यांच्या गाण्याचे पहिले कडवे न्यायाधीशांविषयी आहे. त्यात काळा आहे तो त्यांचा झगा, पांढरे आहेत ते त्यांचे केस, आणि बंद आहे तो शाळेचा दरवाजा. म्हणजे शीर्षकातले दोन रंग गाण्यात प्रथम येतात ते न्यायासनाच्या संदर्भात. मुलांच्या कातडीचे रंग त्यानंतर येतात.

१९५६ साली पीट सीगर यांनी आणि १९५७ साली सॅमी डेव्हिस ज्युनियर या काळ्या गायकाने हे गाणे ध्वनिमुद्रित केले, ते या कडव्यासकट. सीगर स्वतः १९५५ साली संसदीय चौकशी समितीपुढे उत्तरे नाकारून आले होते. आणि १९५७ च्या सप्टेंबरात लिटल रॉक येथे नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेच्या दारातून आत नेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. गाण्यातला बंद दरवाजा त्या वेळी श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर होता.

पुढे गाणे समुद्रापार गेले. १९७१ साली ब्रिटनमधील ग्रेहाउंड या रेगे गायकवृंदाने ते गायले आणि तेथील यादीत ते सहाव्या क्रमांकावर गेले. एनॉक पॉवेल यांच्या १९६८ च्या विखारी भाषणाचे पडसाद विरले नव्हते. १९७१ सालीच स्थलांतरितांवर नवी बंधने घालणारा कायदा तेथे झाला. अशा देशात जमैकाच्या ठेक्यावर हे गाणे घरोघर पोचले, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

ग्रेहाउंडचे गाणे ऐकून लॉस एंजेलिसच्या थ्री डॉग नाइट या वृंदाने ते उचलले. १६ सप्टेंबर १९७२ रोजी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आले. त्यात न्यायाधीशांचे कडवे नाही. शाई आणि कागद आहेत, दिवस आणि रात्र आहेत, शेवटी मुलांचा समूहस्वर आहे. चाल गोड आहे. मात्र दिवस आणि रात्र निसर्गाने निर्माण केले. काळ्यांची शाळा आणि गोऱ्यांची शाळा माणसांनी, विधिमंडळात हात वर करून, निर्माण केली. पहिले कडवे गेले की हा फरक पुसला जातो. मग अन्याय कुणी केला, त्याविरुद्ध कोण लढले, काहीच विचारावे लागत नाही. दोन रंग शेजारी ठेवले की चित्र सुंदर दिसते, एवढाच बोध उरतो.

रॉबिन्सन यांच्या वाट्याला हे पूर्वीही आले होते. १९४५ साली फ्रँक सिनात्रा यांच्या लघुपटात त्यांचे 'द हाउस आय लिव्ह इन' हे गाणे घेतले गेले, तेव्हा काळ्या-गोऱ्या शेजाऱ्यांचा उल्लेख गाळण्यात आला. गीतकार एबल मीरोपोल कमालीचे संतापले. सहिष्णुतेचा पुरस्कार करणाऱ्या त्या लघुपटाला पुढे विशेष ऑस्कर मिळाले.

१९७२ साली गाळलेल्या कडव्याचा विषय अमेरिकेत कालबाह्य झाला होता काय? मुळीच नाही. मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतील शाळेत नेऊन शाळा मिश्र करण्याचे आदेश न्यायालये देत होती आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी असे नवे आदेश थांबविण्याची मागणी केली. १९७४ साली 'मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी डेट्रॉइटच्या गोऱ्या उपनगरांना या योजनेतून वगळण्यात आले. तोपर्यंत न्यायाधीश झालेल्या मार्शल यांनी त्या निकालाविरुद्ध मत नोंदविले. रेडिओवर सलोखा आणि रस्त्यावर बसला विरोध, असे दोन्ही एकाच समाजात सुखाने नांदत होते.

गळलेले कडवे मात्र आपण डोळे मिटून डोक्यावर घेऊ नये. त्यात सारे श्रेय नऊ न्यायाधीशांना आहे. दक्षिण कॅरोलिनातील हॅरी ब्रिग्ज आणि एलायझा ब्रिग्ज यांनी शाळेच्या खटल्यासाठी सही केली म्हणून दोघांची नोकरी गेली. त्यांना त्यात जागा नाही. सह्यांनी लाजिरवाणा काळ संपला, असा त्याचा सूर आहे. प्रत्यक्षात व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने काळी मुले येऊ नयेत म्हणून १९५९ ते १९६४ सर्व सरकारी शाळाच बंद ठेवल्या. तरीही त्या कडव्याचे महत्त्व आहे. दरवाजा बंद होता, हे ते सांगते. पुढचा प्रश्न विचारायला तेवढा धागा पुरतो.

थ्री डॉग नाइटचे गाणे गाजत होते त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या तरुणांनी अमेरिकेकडून नाव घेतले ते ओकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरचे. सलोख्याचे सूर त्याच देशातून येत होते. या तरुणांना आपला वाटला तो हक्क मागणारा आवाज. आपल्याकडेही समतेच्या जागी गोड शब्द ठेवण्याची हौस फार आहे, म्हणून ही निवड लक्षात ठेवावी.

शिक्षकांनी हे गाणे वर्गात जरूर ऐकवावे. मुलांना चाल आवडेल. मग सीगर यांचे ध्वनिमुद्रण लावावे आणि दोन्हींत काय फरक आहे ते त्यांनाच शोधू द्यावे. दरवाजा कुणी बंद केला होता, हे मूल विचारील तेव्हा खरा धडा सुरू होईल.