जामीनदाराची सही

व्यवसायाच्या कर्जाला भाऊ किंवा मेहुणा जामीन राहतो, तेव्हा ‘बँक आधी कर्जदाराची मालमत्ता विकेल, मग आपल्याकडे येईल’ असा त्याचा समज असतो. 1872च्या करार कायद्याचे कलम 128 मात्र जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागलेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सांगितले. थकबाकी 20 लाखांहून अधिक असली, तर पुण्यातल्या कर्जवसुली न्यायाधिकरणात बँक दोघांवर एकदमच दावा लावू शकते. कंपनीची देणी दिवाळखोरी कायद्याखाली मिटली, तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, हे ललितकुमार जैन प्रकरणात 2021 साली ठरले.

मग बचाव कोणता? जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, तर पुढच्या व्यवहारांतून कलम 133 त्याला सोडवते. बँकेने तारण गमावले, तर त्या किमतीपुरते कलम 141 सोडवते. चालू स्वरूपाची हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेण्याची सोय कलम 130 मध्ये आहे.

खरी मेख मला हमीपत्रात दिसते. हे हक्क सोडल्याचे कलम त्यात बहुधा आधीच छापलेले असते. सीताराम गुप्ता खटल्यात जामीनदाराने कर्जवाटपापूर्वीच हमी मागे घेतली होती. तरी हमीपत्रातील मजकुरामुळे 2008 साली तो बांधील ठरला. म्हणून मी म्हणेन, नात्याचा मान जरूर राखावा. पण सहीआधी हमीची कमाल रक्कम लिहून घ्यावी आणि प्रत मागून घ्यावी.