पहिलीतल्या मुलांनी वर्गात मास्क लावायचा का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड नेहमीसारखा इथे लिहून देतेय. बसमध्ये, लोकलमध्ये, जेवताना, कुठेही वाचा.

आजचा प्रश्न एका श्रोत्या शिक्षिकाताईंनी पाठवलाय. त्या पहिली-दुसरीला शिकवतात. त्या म्हणतात, "उद्या परत कोविडसारखी साथ आली, तर सहा वर्षांच्या पोरांना दिवसभर मास्क लावायला लावू का? तेव्हा लावला. पण त्याचा उपयोग झाला की नाही, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही."

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर साधं नाही. तुमच्यातले काही जण तेव्हा दहावी-बारावीला असतील, २०२१ मध्ये परीक्षा न देता पास झालेले. काहींची धाकटी भावंडं तेव्हा पहिलीत असतील. आणि काही जण आता स्वतः आईबाबा झालेले असतील किंवा डी.एड. करून वर्गात उभे असतील. पुढची साथ येईल तेव्हा हा प्रश्न तुमच्यासमोर असणार आहे. म्हणून आज शांत डोक्याने बघू.

एकच मूल, वेगवेगळे नियम

आधी एक गंमत बघा. समजा, पाच वर्षांची एक मुलगी आहे. ती अमेरिकेत असती तर तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या सल्ल्यानुसार तिने मास्क लावायला हवा होता, कारण तिथे वयाची मर्यादा होती दोन वर्षं. फ्रान्समध्ये असती तर नाही, कारण तिथे नोव्हेंबर २०२० पासून शाळेत सहा वर्षांपुढच्यांना सक्ती होती. आणि इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत असती, तर तिला वर्गात मास्क लावायला कुणी सांगितलंच नसतं.

विषाणू तोच, मूल तेच, पण नियम तीन. म्हणजे यातला कुठलाही नियम 'विज्ञानाने ठरवलेला अंतिम शब्द' नव्हता. प्रत्येक देशाने थोडा पुरावा, थोडा अंदाज आणि थोडी भीती यांची गोळाबेरीज केली होती.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये एकत्र सल्ला दिला. त्यात तीन पायऱ्या होत्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको. बारा आणि त्यापुढच्यांना मोठ्यांचाच नियम. आणि सहा ते अकरा? इथे त्यांनी थेट हो किंवा नाही म्हटलंच नाही. परिस्थिती बघून ठरवा, असं सांगितलं. भागात साथ किती पसरलीय, मुलाला मास्क नीट वापरता येतो का, धुवायची-बदलायची सोय आहे का, लक्ष द्यायला मोठं माणूस आहे का, शिकण्यावर काय परिणाम होईल, घरी म्हातारी किंवा आजारी माणसं आहेत का, हे सगळं पाहा म्हणाले. आपल्या केंद्र सरकारनेही जवळपास हेच वयोगट धरले.

आता मजा अशी, की आपली पहिली ते पाचवी सगळी या मधल्या गटात येते. म्हणजे जिथे 'बघून ठरवा' म्हटलंय, नेमकी तिथेच आपली अख्खी प्राथमिक शाळा आहे.

मास्क नेमकं करतो काय?

आपण बोलतो, खोकतो, गातो, तेव्हा तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र बंद खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. मास्क मोठे थेंब चांगले अडवतो. बारीक कणांचं म्हणाल, तर ते कापड कसलं आहे आणि मास्क चेहऱ्याला किती घट्ट बसलाय यावर अवलंबून असतं.

आणि मुलांचं घोडं इथेच अडतं. मोठ्यांचा मास्क लहान चेहऱ्यावर सैल बसतो, गालाजवळ फट राहते. सहा वर्षांचं पोर तो हनुवटीवर ओढतं, दोरी चघळतं, मित्राशी अदलाबदलही करतं. मधल्या सुट्टीत डबा उघडला की सगळ्यांचे मास्क खाली. प्रयोगशाळेत मास्क जेवढं काम करतो, तेवढं तो वर्गात करत नाही. यात मुलांचा दोष नाही, ते वयच तसं असतं.

एक गैरसमज मात्र इथेच मोडून टाकू. 'मास्कमुळे मुलांचा ऑक्सिजन कमी होतो' असे फॉरवर्ड तेव्हा घरोघरी फिरले. ऑक्सिजनचा रेणू विषाणूपेक्षा कितीतरी पटींनी लहान असतो, तो कापडातून आरामात ये-जा करतो. गुदमरल्यासारखं वाटणं, घाम येणं, ओला मास्क नकोसा होणं हे सगळं खरं. पण निरोगी मुलाला त्याने विषबाधा होत नाही.

पुरावा काय सांगतो?

मोठ्यांपासून सुरुवात करू. बांगलादेशात २०२० च्या अखेरीपासून ६०० गावांत एक मोठा प्रयोग झाला. सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढ माणसं. निम्म्या गावांत मास्क वाटले, लोकांना आठवण करून दिली, बाकीच्या गावांत काही केलं नाही. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे ११ टक्के कमी भरला, आणि साठीपुढच्यांमध्ये ३५ टक्के. कापडी मास्कचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. म्हणजे मास्क निरुपयोगी नाही, पण तो जादूची कांडीही नाही. आणि मुख्य म्हणजे या प्रयोगात मुलं नव्हती.

लहान मुलांच्या वर्गांवर कोविडकाळात असा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग झालाच नाही. मग जे आपसूक घडलं, त्याच्या नोंदी तपासाव्या लागतात. अशी तीन उदाहरणं सांगते.

पहिलं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथल्या १६९ प्राथमिक शाळा तपासल्या. जिथे शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना मास्क सक्तीचा होता, तिथे कोविडचं प्रमाण ३७ टक्के कमी. जिथे वर्गातली हवा खेळती केली होती, तिथे ३९ टक्के कमी. आणि जिथे मुलांना सक्ती होती? तिथे फरक दिसला, पण तो योगायोगही असू शकेल इतकाच.

दुसरं स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातलं. २०२१ च्या पहिल्या सत्रात तिथे सहा वर्षांपुढच्या मुलांना मास्क होता, पाच वर्षांच्यांना नव्हता. संशोधकांनी सुमारे ६ लाख मुलांच्या नोंदी पाहिल्या आणि पाच-सहा वर्षांच्या शेजारच्या वर्गांची तुलना केली. म्हणण्याजोगा फरक सापडला नाही.

तिसरं उदाहरण उलट बाजूचं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने फेब्रुवारी २०२२ अखेर शाळांतली सक्ती उठवली, पण बोस्टन आणि शेजारच्या चेल्सीने ती चालू ठेवली. पुढच्या १५ आठवड्यांत, सक्ती उठलेल्या भागांत विद्यार्थी आणि शिक्षक मिळून दर हजारी सुमारे ४५ केसेस जास्त निघाल्या. पण यात मोठे विद्यार्थीही आले आणि शिक्षकही. पहिलीतल्या पोरांचा वाटा वेगळा काढता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग खरं काय? मला यातून जे दिसतं ते असं: मास्क नीट लावता येतो अशा वयात आणि साथ जोरात असताना फायदा होतो. जितकं वय खाली, तितका तो पातळ होत जातो. पण शिक्षकांचा मास्क आणि उघडी खिडकी या दोन गोष्टी लहानांच्या शाळेतही भाव खाऊन जातात.

आणि किंमत?

फायदा पातळ असेल, तर तोट्याकडे जास्त बारकाईने बघावं लागतं. पहिलीतलं मूल शाळेत मुख्यतः भाषा शिकतं. प, फ, ब, भ, म हे सगळे ओठांचे आवाज. बाईंचे ओठ मिटतात कधी, फुंकर कधी बाहेर येते, हे बघूनच 'प' आणि 'फ' वेगळे कळतात. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल शाळेत मराठी पहिल्यांदा ऐकतं. त्याच्यासाठी बाईंचं तोंड हेच पुस्तक. ज्या मुलांना कमी ऐकू येतं, त्यांचा तर सगळा आधारच ओठांवर असतो.

हावभावांचं काय? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ७ ते १३ वयाच्या मुलांना मास्क लावलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. भावना ओळखणं अवघड गेलं, पण मुलं पार गोंधळली नाहीत. काळ्या चष्म्याने जेवढी अडचण होते, साधारण तेवढीच झाली. तेव्हा 'मुलांचं भावविश्व उद्ध्वस्त झालं' असं म्हणणंही अतिशयोक्तीच.

आजीचा मुद्दा

दुसरी बाजूही ऐकायला हवी. मुलांना स्वतःला गंभीर आजाराचा धोका कमी होता, पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे मुलामागे आजी आहे. मूल शाळेतून आजार घरी आणेल, ही भीती खोटी नव्हती. लस यायच्या आधी तर अजिबातच नव्हती. म्हणून ज्यांनी तेव्हा सक्ती मागितली, त्यांना मी वेड्यात काढणार नाही.

पण एक आकडा लक्षात ठेवा. आयसीएमआरने जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्त तपासणी केली. सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडीज सापडल्या. या वयाला तेव्हा लस नव्हती, म्हणजे हा संसर्गाचाच शिक्का. आणि महाराष्ट्रात तर तोवर पहिली ते चौथीचा वर्ग उघडलेलाच नव्हता! मार्च २०२० ला बंद झालेले हे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून, काही शहरांत त्याहून उशिरा, उघडले. जून २०२० ला पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गात पहिल्यांदा बसलं ते दुसरीचं अर्धं वर्ष सरत आल्यावर. मग जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा कुलूप.

म्हणजे शाळा बंद ठेवूनही निम्म्याहून जास्त मुलांपर्यंत विषाणू पोचलाच. शिकणं मात्र थांबलं. मला वाटतं, खरी तुलना 'मास्क की बिनमास्क' अशी नाहीच. ती 'उघडी शाळा की बंद शाळा' अशी आहे. मास्कमुळे घाबरलेल्या पालकांना धीर येणार असेल आणि शाळा महिनाभर आधी उघडणार असेल, तर सहा-सात वर्षांच्या मुलांनी काही आठवडे मास्क लावणं मला महाग वाटत नाही. पण मास्क नाही म्हणून एखाद्या पोराला फाटकावरून परत पाठवणार असाल, तर तो सौदा उलटा झाला.

मग करायचं काय?

ताई, माझं उत्तर असं आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीत, मास्क नको. पहिली ते पाचवीत आधी वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडा, वारा आरपार जाऊ दे. जमेल तेव्हा व्हरांड्यात, झाडाखाली बसवा. शिक्षकांनी नीट बसणारा मास्क लावावा, अक्षरं शिकवताना लांब उभं राहून किंवा बाहेर मोकळ्यावर तो काढावा. आजारी मुलाला घरी थांबू द्यावं आणि हजेरीचं बक्षीस त्या काळात बंद ठेवावं. हे सगळं करूनही भागात साथ जोरात असेल, तर मुलांना मास्क सांगावा. पण शाळेने दोन-दोन मास्क द्यावेत, चुकलं तर ओरडू नये, आणि सक्ती कधी उठणार हे पहिल्याच दिवशी सांगावं.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मास्कचा नियम उठला २०२२ च्या गुढीपाडव्याला, सगळ्यांसाठी एकदमच. पहिलीच्या वर्गासाठी वेगळा विचार झालाय, असं कुणाला जाणवलं नाही. नियम लावताना जितकी घाई होते, तितकीच काळजी तो काढतानाही हवी.

आणि पुढचा विषाणू कोविडसारखाच असेल असं नाही. तो लहान मुलांनाच जास्त गाठणारा निघाला, तर हा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागेल. मांडायची पद्धत मात्र हीच: या वयाला धोका किती, फायदा किती, किंमत कुणाच्या खिशातून जाते.

तोवर एक काम आजच करता येईल. आपल्या गावातल्या, गल्लीतल्या प्राथमिक शाळेत जा आणि बघा, वर्गाच्या किती खिडक्या खरंच उघडतात. गंजलेली कडी, मागे रचलेली जुनी बाकं, बाहेरून ठोकलेला पत्रा, असं काही दिसलं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ते बोला. त्यासाठी साथ यायची वाट बघायला नको.

एपिसोड आवडला तर एखाद्या शिक्षक मित्राला पाठवा, नाही आवडला तर मला सांगा. भेटू पुढच्या गुरुवारी. काळजी घ्या!