फास तोडणाऱ्यांचे स्मारक

बुलढाणा जिल्ह्याला स्मारकांची वाण नाही. सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान आहे, लखुजीराव जाधवांची समाधी आहे. शेगावला गजानन महाराजांच्या समाधीसमोर वर्षभर रांग असते. पण याच जिल्ह्यातले जंगल ज्यांनी राखले, शिकाऱ्यांचे फास काढत ज्यांनी रानोमाळ आयुष्य घालवले, त्यांच्या नावाने हात जोडायचे तर नेमके कुठे जायचे, असे विचारले की जाणकारही क्षणभर थांबतात.

देशापुरते उत्तर द्यायचे तर ते राजस्थानात सापडते. जोधपूरजवळ खेजडली नावाचे गाव आहे. १७३० साली जोधपूरच्या महाराजांची माणसे तिथे खेजडीची झाडे तोडायला आली. महालाच्या बांधकामाला चुना भाजायचा होता आणि त्यासाठी लाकूड हवे होते. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या आणि मारल्या गेल्या. त्यांच्यासह एकेक करत ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी जीव दिला. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो, ती शमी म्हणजेच ही खेजडी. खेजडलीत आज या माणसांचे स्मारक उभे आहे. २०१३पासून ११ सप्टेंबर हा दिवस देशभर वनहुतात्मा दिन म्हणून पाळला जातो, तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

जगात आणखी एक असे ठिकाण आहे आणि तिथे पोचायला डोंगर चढावा लागतो. रवांडातल्या विरुंगा या ज्वालामुखी पर्वतरांगेत डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये कॅरिसोके हे संशोधन केंद्र सुरू केले. पहाडी गोरिलांचा अभ्यास करायला आलेली ही बाई हळूहळू गस्त घालू लागली, फास तोडू लागली. ३१ डिसेंबर १९७७ला तिचा लाडका गोरिला ‘डिजिट’ शिकाऱ्यांनी मारला. १९८५च्या डिसेंबरात तिचाही खून झाला. केंद्राजवळ गोरिलांना पुरण्यासाठी तिने जी जागा राखली होती, तिथेच डिजिटशेजारी तिची कबर आहे. फॉसी यांच्या हयातीत विरुंगा पर्वतात गोरिलांची संख्या अडीचशेच्या आसपास घसरली होती. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत ती ६०४ भरली. त्या कबरीपर्यंत चढून जाणाऱ्या माणसाला हे दोन आकडे ठाऊक असले, तर तिथला दगड बोलू लागतो.

या कहाणीतला एक धागा थेट बुलढाण्यापर्यंत येतो. रवांडातले बहुतेक फास गोरिलांसाठी लावलेलेच नव्हते. ते हरणांसाठी असत आणि गोरिलाचा हात किंवा पाय त्यात अडकून सडत असे. इथल्या रानातही फास एकासाठी लागतो आणि अडकतो दुसराच.

दोन डोंगर, मध्ये शेती

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर धरला तर उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग दिसते. मध्ये पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आहे. सातपुड्याच्या कुशीत, संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. ते नरनाळा आणि मेळघाटच्या जंगलाला लागून आहे. दक्षिणेच्या डोंगरात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. खामगावहून बोथ्यामार्गे बुलढाण्याला येणारा रस्ता त्यातूनच जातो. दोन्ही अभयारण्ये १९९७ची. अंबाबरवा सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे, तर ज्ञानगंगा २०५ चौरस किलोमीटरचे. साग, सालई, धावडा, पळस असे हे उन्हाळ्यात निष्पर्ण होणारे रान. त्यात बिबट्या, अस्वल, रोही, चिंकारा, भेकर. या दोन जंगलांच्या मध्ये कपाशी, सोयाबीन, तूर आणि हरभरा.

या शेतीतून एक वाघ चालत आला आणि ज्ञानगंगेचे नाव जगभर गेले. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या ‘सी-१’ या नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. जूनअखेर त्याने टिपेश्वर सोडले. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या सात जिल्ह्यांतून ओढे, नाले, शेते आणि महामार्ग ओलांडत डिसेंबर २०१९ मध्ये तो ज्ञानगंगेत पोचला. एप्रिल २०२०मध्ये कॉलर काढेपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या वर गेली होती आणि कॉलरने त्याच्या पाच हजारांहून जास्त ठिकाणांची नोंद केली होती. दिवसा तो झुडपात पडून राही आणि रात्री चाले. या सगळ्या वाटचालीत माणसाला इजा झाल्याची एकच घटना समोर आली, तीही माणसे तो विसावलेल्या झुडपात शिरल्यामुळे.

वाघाच्या जिद्दीचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण एवढ्या शेतांतून तो जिवंत निघाला, ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते. एप्रिल २०१७मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड परिसरात ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला आणि गुपचूप पुरला गेला. प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा तो बछडा. त्याच्याही गळ्यात कॉलर होती. एकाच्या वाटेत तार आली, दुसऱ्याच्या आली नाही. बुलढाण्याच्या वाघाची गोष्ट सांगताना, तो गेला त्या रात्री ज्यांनी आपल्या शेतात विजेचा आकडा टाकला नाही त्या अनाम शेतकऱ्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

तारेचा फास

शिकार म्हटले की बंदूक डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात रानात सर्वांत घातक वस्तू म्हणजे तारेचा फास. दुचाकीची जुनी क्लच वायर किंवा सायकलच्या ब्रेकची तार, तिला एक सरकगाठ, दुसरे टोक झुडपाच्या बुंध्याला किंवा खुंटीला. पाणवठ्याकडे जाणाऱ्या चाकोरीवर, कुंपणाच्या खिंडारात तो टांगलेला असतो. खर्च जवळपास शून्य. गवतात दोन हातांवरूनही तो दिसत नाही. जनावर जितके ओढते तितका तो रुततो. लावला जातो सशासाठी नाहीतर रानडुकरासाठी; अडकतो कधी बिबट्या, कधी अस्वल. लावणारा आठ दिवस फिरकला नाही तरी फास आपले काम करत राहतो.

म्हणूनच वनरक्षकाच्या गस्तीचा मोठा भाग खाली बघत चालण्यात जातो. आपल्या नियतक्षेत्रातली प्रत्येक चाकोरी, नाल्याचा प्रत्येक उतार, उन्हाळ्यात पाणी टिकणारा प्रत्येक डोह त्याला तोंडपाठ असावा लागतो. पाण्याचा रंग आणि वास बघावा लागतो, कारण विष तिथेच कालवले जाते. संरक्षण कुटीच्या आसपास रात्री दिसलेला टॉर्चचा उजेड, नव्या बुटाचा ठसा, झाडाला बांधलेली अनोळखी दोरी, हे सगळे वाचता यावे लागते. त्याच्यासोबत असतो तो रोजंदारीवरचा वनमजूर, बहुधा जवळच्याच गावचा. जंगलाची जाण अनेकदा त्यालाच जास्त असते.

संघटित शिकारीचे रूप याहून वेगळे. २०१३मध्ये मेळघाटात लोखंडी सापळ्यांनी वाघ मारले गेल्याचे उघड झाले आणि मध्य प्रदेशातल्या बहेलिया टोळ्यांपर्यंत धागे पोचले. वाघ मेळघाटात मरत होता आणि कातड्या-हाडांचा सौदा शेकडो कोस दूर ठरत होता. तेव्हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाने वन्यजीव गुन्ह्यांसाठी स्वतःचा सायबर कक्ष उभारला. मोबाइलच्या नोंदी तपासून आरोपींची साखळी जुळवली जाऊ लागली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. वाघाच्या शिकारीला त्यात तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. पण शिक्षा होते ती पंचनामा चोख असेल, नमुने नीट सीलबंद झाले असतील, साक्षीदार टिकला असेल तर. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते. खटला वर्षानुवर्षे चालतो, तेव्हा तिथे कॅमेरा नसतो.

फास लावणारे हात

या विषयात एक सोपा आरोपी नेहमी तयार असतो: फासेपारधी. नावातच फास आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींवर शिक्का मारला. कायदा १९५२मध्ये गेला, शिक्का राहिला. तित्तर-लाव्हे पकडून जगणाऱ्या समाजाचा धंदा कायद्याने बंद झाला, तो व्हायलाच हवा होता; पर्यायी पोट मात्र कुणी दिले नाही. शेजारच्या वाशिम-अकोल्याच्या माळरानांवर ‘संवेदना’ संस्थेने फासेपारध्यांनाच सोबत घेऊन तणमोर आणि गवताळ माळ राखण्याचे काम केले. पाखराची चाल ओळखणारे ज्ञान तेच, फक्त ते राखणीला लागले.

शेतकऱ्याची बाजूही दडपून चालणार नाही. रोही आणि डुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा लोळवतो. थंडीत जागल करून डोळे तांबारलेल्या माणसाला वन्यजीवांचे महत्त्व सांगायला जाणे म्हणजे जखमेवर मीठ. नुकसानभरपाई वेळेत आणि पूर्ण मिळाली, तर आकडा टाकण्याचे एक कारण तरी कमी होते. शिकार रोखण्याचे निम्मे काम तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक यांच्या पीकनुकसानीच्या एका पंचनाम्यात आहे.

मुंडा आणि नावे

सातपुड्यातल्या कोरकूंकडे मृतांसाठी सागाच्या लाकडाचा कोरीव फलक उभारण्याची रीत आहे. त्याला मुंडा म्हणतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार, नाचणारी माणसे. गावाजवळच्या झाडाखाली असे मुंडे उभे दिसतात. माणूस राजा होता की मजूर, हा प्रश्न तिथे येत नाही. गेलेल्याचा मुंडा झालाच पाहिजे, नाहीतर त्याचे पितरांत जाणे पुरे होत नाही.

सरकारी स्मरण मात्र हुद्द्याप्रमाणे चालते. २० नोव्हेंबर २०२१ला ताडोब्यात कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी फिरताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्यांचे नाव राज्याला कळले. वणवा विझवताना भाजलेला, अस्वलाने चेहरा फाडलेला, गस्तीत साप चावून गेलेला रोजंदारीवरचा माणूस किती ठिकाणी नोंदला गेला? आंतरराष्ट्रीय रेंजर महासंघ दरवर्षी ३१ जुलैला, जागतिक रेंजर दिनी, जगभर कर्तव्यावर गेलेल्यांना आदरांजली वाहतो. आपल्या जिल्ह्यात तेवढेही करायला मोठा खर्च लागणार नाही. ज्ञानगंगा आणि अंबाबरवाच्या प्रवेशद्वारापाशी एकेक फलक पुरे, आणि त्यावर हुद्दा न लिहिता नावे. वनरक्षक, वनमजूर, खबर देणारा गावकरी, सगळ्यांची एकाच आकाराच्या अक्षरात.

तोवर वाचकाने करण्याजोगी एक गोष्ट आहे. शेताच्या धुऱ्यावर तार दिसली, कुणी जिवंत मांडूळ किंवा खवल्या मांजर विकायला काढल्याचे कानावर आले, तर बघून सोडून देऊ नका. वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे आणि ती निःशुल्क आहे.