चौदा स्टॉपचा ऑर्गन

जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्ग हे चांदीच्या खाणींचं जुनं गाव आहे. तिथल्या ल्यूथरपंथी कॅथीड्रलमध्ये गोटफ्रीड झिल्बरमानने बांधलेले दोन पाइप ऑर्गन आहेत. थोरला १७१४ चा, तीन कीबोर्डांचा, ४४ स्टॉपचा. धाकटा १७१९ चा, एकाच कीबोर्डाचा, अवघ्या १४ स्टॉपचा. तो गावातल्या सेंट जॉन चर्चमधून १९३९ मध्ये इथे आणला. नाव होतं ते थोरल्याचं. पण धाकट्याला त्याची गरिबाघरची आवृत्ती समजणं चूक आहे, कारण ल्यूथरपंथी उपासनेतलं ऑर्गनचं मुख्य काम तो पुरेपूर करतो.

ते काम म्हणजे गाणाऱ्यांना सांभाळणं. मार्टिन ल्यूथरने स्तोत्रं लोकांच्या भाषेत, लोकांच्या तोंडी दिली. सुरुवातीला मंडळी बहुधा साथीविनाच गात. साथ रुळली सतराव्या शतकात, आणि १६५० मध्ये संगीतकार सामुएल शाइटने शंभर स्तोत्रं ऑर्गनसाठी बांधून छापली. शे-दोनशे न शिकलेले गळे एकत्र आले की सूर उतरतो, लय रेंगाळते. अशा वेळी नुसता दणदणाट कामाचा नाही. चाल त्यांच्या आवाजावर तरंगत स्पष्ट ऐकू यायला हवी. हे साधतं ऑर्गनच्या रचनेमुळे. आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेटीच्या ऑर्गनमध्ये पेटीसारख्याच पितळी रीड असतात. पाइप ऑर्गनमध्ये मात्र बहुतेक सूर बासरीप्रमाणे, हवेचा झोत नळीच्या धारेवर आदळून उमटतात. स्टॉप ओढला की नळ्यांची एक अख्खी रांग बोलू लागते: आठ फुटी रांग मूळ सप्तकात, चार फुटी एक सप्तक वर, दोन फुटी दोन सप्तकं वर. म्हणून अशा रांगा एकत्र लावल्या, की एकच पट्टी दाबली तरी गर्दीच्या गळ्यांपलीकडे चालीची कड ऐकू येते. शिवाय नळीचं वरचं टोक बंद केलं तर निम्म्या लांबीत तोच खर्ज मिळतो. लहान ऑर्गनची निम्मी युक्ती इथेच आहे.

बाखच्या ट्रायो सोनाटांना दोन कीबोर्ड लागतात, त्या या धाकट्या ऑर्गनवर नीट वाजणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण ती मैफलीची गरज झाली, रविवारच्या प्रार्थनेची नव्हे. इलेक्ट्रॉनिक ऑर्गन स्वस्त पडतो, हेही खरं. छोट्या मंडळीने तो घेतला तर नावं ठेवू नयेत. फक्त हिशेब पिढ्यांचा धरावा. सर्किटचे सुटे भाग काही दशकांत मिळेनासे होतात. लाकूड, चामडं आणि कथील-शिशाचं काम मात्र जाणता कारागीर आजही हाताने दुरुस्त करतो. झिल्बरमानच्या पन्नासेक ऑर्गनांपैकी तीसच्या आसपास अजून टिकून आहेत, आणि त्यांतले कित्येक खेड्यांतल्या चर्चमधले, लहानच आहेत.