सांदवाडीतले वेल आणि शेंगा

विदर्भात घरामागच्या भाजीपाल्याच्या जागेला सांदवाडी म्हणतात. वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेत (सेलू तालुक्यातली सिंदी रेल्वे वेगळी) ही सांदवाडी आता घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या पट्टीपुरती उरली आहे. पूर्वी कोहळ्याचा वेल कवेलूच्या छपरावर चढायचा आणि वाल काटेरी कुंपणावर पसरायचा. कवेलू जाऊन स्लॅब आले, तरी लेआउटमधल्या लहान प्लॉटला वेलभाज्या आणि शेंगभाज्याच परवडतात. त्यांना जमीन हातभर लागते, बाकीचा पसारा वरच्या वर होतो.

घरच्या भाजीचा विचार वर्ध्याला नवा नाही. मगनवाडीत मुक्काम असताना गांधीजींनी १९३५ साली ‘हरिजन’मधून हिरव्या पाल्याच्या आहारमूल्यावर लिहिले. सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शेती आणि भाजीपाला हा शिक्षणाचाच भाग होता. १९५० च्या सुमारास विनोबांनी पवनारला बैलांशिवाय, कुदळ-फावड्याने ऋषिशेती करून पाहिली.

इथली काळी कपाशीची माती कसदार खरी, पण पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वेलांपेक्षा शेंगवर्गाला साचलेले पाणी अधिक नडते. दोन दिवस पाणी तुंबले की मुळे सडून झाड पिवळे पडते. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच असावा. नव्या घराभोवती बरेचदा मुरूम आणि बांधकामाचा मलबा भरलेला असतो. तिथे मलबा उपसून माती आणि शेणखत भरल्याशिवाय बी टाकणे म्हणजे बी वाया घालवणे. वेलांसाठी दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढावा, उन्हाळ्यात तो तापू द्यावा आणि मृगाच्या आधी मातीत दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून भरावा.

लवकी (दुधी), दोडका, कारले आणि कोहळे यांचे बी पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावतात. कारल्याच्या बियांचे कवच टणक असते, त्या रात्रभर भिजवाव्यात. एका खड्ड्यात तीन-चार बिया टाकून पुढे दोनच जोमदार रोपे ठेवावीत. कोहळ्याचा एक वेल पंधरा फूट सहज धावतो. गच्ची किंवा टिनाचे शेड नसेल तर लहान प्लॉटमध्ये त्याचा मोह टाळलेला बरा. इतर तिघांना पुरुषभर उंचीचा तारेचा मांडव पुरतो.

वेल फुलांनी भरतो आणि फळ एकही नाही, ही घरोघरची तक्रार. या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात, आणि आधी येतात ती बहुधा नर. मादी फूल ओळखणे सोपे आहे: पाकळ्यांच्या खाली बोटाच्या पेराएवढे छोटे फळ आधीच तयार असते. नुसत्या देठावरचे फूल नर. कडक ऊन, मोठे दिवस आणि युरियाचा अतिरेक यांनी नर फुलांचे प्रमाण वाढते. मादी फूल असूनही परागकण पोचले नाहीत, तर ते चिमुकले फळ पिवळे पडून गळते. त्याला रोग समजून फवारणी करण्यात अर्थ नसतो.

परागीभवनाची वेळही प्रत्येकाची वेगळी. कोहळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, त्यावर मधमाश्या काम करतात. लवकीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल संध्याकाळी उमलते. लवकीवर रात्रीचे पतंग येतात. सिमेंटच्या वस्तीत मधमाश्या कमी पडल्या तर हे काम हाताने करता येते. ताजे नर फूल तोडावे, पाकळ्या काढून टाकाव्यात आणि आतला परागकोष मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. कोहळ्यासाठी सकाळी आठच्या आत, लवकी-दोडक्यासाठी दिवेलागणीला.

शेंगभाज्यांचे तंत्र उलटे आहे. वालाच्या, बरबटीच्या (चवळीच्या) आणि गवारीच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला की काम चालू आहे असे समजावे. अशा झाडाला वरून युरिया घातला तर पाला माजतो आणि शेंगा लांबणीवर पडतात. कोहळ्याला खड्डाभर शेणखत आणि वालाला एवढेसे, हा फरक सांभाळला की अर्धी बाग जमली.

वालाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जुन्या गावरान जातींना फुलोरा येण्यासाठी दिवस लहान व्हावे लागतात. जूनमध्ये लावलेला वेल सप्टेंबरपर्यंत फक्त पसरतो. घाई झालेली माणसे तो वांझ समजून उपटून टाकतात. दिवाळीच्या आगेमागे तो फुलतो आणि थंडीभर शेंगा देतो. वांग्याबरोबर वालाच्या शेंगा शिजतात त्या याच दिवसांत. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी बरबटी लावावी. ती पन्नास-साठ दिवसांत तोडणीला येते. घेवड्याला इथला उन्हाळा सोसत नाही, त्याची फुले गळतात. त्याला पावसाळा सरल्यावरच लावावे. आधारासाठी वर्धा जिल्ह्यात पैसे मोजण्याची गरज नाही, कपाशीची वेचणी संपल्यावर निघालेल्या पऱ्हाट्या शेताशेतांत मिळतात.

पालेभाज्यांना फारसे शास्त्र लागत नाही. पावसाळ्यात आंबाडी, दसऱ्यानंतर सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक. न्हाणीच्या पाण्यावर धोपा (अळू) आपोआप वाढतो, मात्र साबणाचे घट्ट पाणी वेलांच्या मुळाशी सोडू नये. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा नवी लागवड न करणेच शहाणपणाचे; असलेल्या झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचा थर द्यावा आणि पाणी संध्याकाळी द्यावे.

किडींमध्ये कोवळ्या रोपांचा शत्रू लाल भुंगा. तो सकाळी सुस्त असतो, तेव्हा हाताने वेचता येतो. पानांवर राख धुरळली तरी फरक पडतो. कारल्या-दोडक्यात अंडी घालणारी फळमाशी अधिक चिवट. वाकडी, पिवळी, गळलेली फळे रोज गोळा करून पाण्यात बुडवावीत. खताच्या खड्ड्यात टाकली तर अळ्या मातीत शिरून पुन्हा माश्याच निघतात. वालावरच्या माव्याला निंबोळी अर्क पुरेसा आहे: पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून फवारावा.

लवकीबाबत एक सावधगिरी अनिवार्य आहे. कधी कधी एखादे फळ कडू निघते; त्यातले विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू लवकीचा रस न पिण्याचा इशारा दिला आहे. चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ते फळ फेकून द्यावे.

बियाणे घरचे धरायचे असेल तर संकरित वाणाच्या पाकिटावर भिस्त ठेवू नये, त्याची पुढची पिढी मूळ गुणाची येत नाही. गावरान लवकीचे दोन प्रकार शेजारी असले की त्यांचीही सरमिसळ होते; मात्र लवकी आणि कोहळे यांचा एकमेकांशी संकर होत नाही. वाल आणि बरबटीत परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलातच होते, म्हणून त्यांचे बी खात्रीचे. पहिल्या बहरातल्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात, दाणे सावलीत सुकवून राखेत घोळवावेत आणि कोरड्या बरणीत पुढच्या मृगापर्यंत ठेवावेत.